'पंपाला किती मिली?' याचं उत्तर पंपात नाही, जमिनीवर आहे: लॉनसाठी हाताच्या फवारणी पंपाचं कॅलिब्रेशन

प्रश्न थोडक्यात असा आहे. १६ लिटरचा पाठीवरचा बॅटरी पंप, साधारण ६५० चौरस मीटर लॉन, रुंद पानांच्या तणांसाठी निवडक तणनाशक. लेबलवर हेक्टरी १ लिटर औषध ३०० ते ५०० लिटर पाण्यातून फवारा असं लिहिलंय. मागच्या वेळी 'पंपाला ३० मिली' टाकून फवारलं, तेव्हा काही पट्ट्यांत गवत पिवळं पडलं आणि शेजारच्या पट्ट्यांत तण जसंच्या तसं उभं राहिलं. या वेळी पंपाला किती टाकायचं?

लेबल पंपाबद्दल काहीच बोलत नाही. ते जमिनीबद्दल बोलतंय: १०,००० चौरस मीटरला १ लिटर, म्हणजे १०० चौरस मीटरला १० मिली. (१०० चौरस मीटर म्हणजे जवळपास एक गुंठा, नेमका गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा.) पाणी हे फक्त ते १० मिली औषध १०० चौरस मीटरवर सारखं पसरवणारं वाहन आहे. तुमचा पंप, तुमचं नोझल आणि तुमची चाल मिळून त्या १०० चौरस मीटरवर किती पाणी सोडतात हे कळल्याशिवाय (हे मोजणं म्हणजेच कॅलिब्रेशन) टाकीत किती औषध घालायचं ते कोणीही सांगू शकत नाही.

'पंपाला ३० मिली' का फसतं ते आकड्यांतच बघा. १५ लिटर पाण्यात ३० मिली म्हणजे लिटरला २ मिली. भरभर चालणारा माणूस बारीक नोझलने १०० चौरस मीटरवर २ लिटर पाणी सोडतो. त्याचं औषध पडलं ४ मिली, हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी. सावकाश चालणारा मोठ्या नोझलने ६ लिटर सोडतो. त्याचे १२ मिली पडले. द्रावण एकच, मात्रा तिप्पट. एकाच माणसाच्या हातून एकाच फवारणीत असा फरक पडला की तुम्ही सांगताय तसे पट्टे उठतात.

काही लेबलांवर 'लिटरला अमुक मिली' असंही लिहिलेलं असतं, विशेषतः बुरशीनाशकांवर. तिथे पानं ओली होईपर्यंत फवारणं अपेक्षित असतं. तरी क्षेत्रफळाला किती पाणी जातंय हे मोजलेलं असलं तर औषध किती लागेल हे आधी कळतं आणि लेबलवरची हेक्टरी कमाल मर्यादा ओलांडली जात नाही.

आधी नोझल बदला

पंपासोबत येणारं पितळी फिरवायचं नोझल, जे आवळलं की धुकं आणि ढिलं केलं की चूळ, ते लॉनसाठी बाजूला ठेवा. पाव वेढा फिरला तरी कोन आणि प्रवाह दोन्ही बदलतात, आणि आज मोजलेली जागा उद्या पुन्हा सापडत नाही. शिवाय त्याचा फवारा बहुधा पोकळ शंकूसारखा असतो, कडेला जास्त आणि मध्ये कमी. झाडाच्या फांद्यांत तो उपयोगी पडेल, सपाट गवतावर नाही.

लॉनसाठी ठरावीक छिद्राचं पंख्यासारखं सपाट फवारणारं नोझल घ्या. त्याला फ्लॅट फॅन म्हणतात. रंगांची आंतरराष्ट्रीय पद्धत लक्षात ठेवली तर दुकानदारावर अवलंबून राहावं लागत नाही. ३ बार प्रेशरला नारिंगी ०१ नोझल मिनिटाला ०.४ लिटर सोडतं, हिरवं ०१५ नोझल ०.६, पिवळं ०२ नोझल ०.८, निळं ०३ नोझल १.२, लाल ०४ नोझल १.६, तपकिरी ०५ नोझल २.०. नोझलवर ८००४ असा आकडा असेल तर ८० म्हणजे फवाऱ्याचा कोन ८० अंश आणि ०४ म्हणजे प्रवाहाचा क्रमांक. ११००२ असेल तर कोन ११० अंश, क्रमांक ०२.

हे आकडे ३ बारचे आहेत आणि तुम्ही त्या प्रेशरला फवारणार नाही. लॉनवर तणनाशकासाठी १ ते २ बार पुरेसं आहे. त्याहून वर गेलं की थेंब बारीक होतात आणि वाऱ्यावर शेजारच्या फुलझाडांवर जातात. प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ३ बारचा आकडा १.५ बारला ०.७१ ने गुणायचा आणि १ बारला ०.५८ ने. म्हणजे लाल ०४ नोझल १.५ बारला मिनिटाला साधारण १.१३ लिटर सोडेल आणि पिवळं ०२ साधारण ०.५७ लिटर.

प्रेशर स्थिर राहिलं पाहिजे, आणि हाताच्या पंपांचा खरा दुबळेपणा इथेच आहे. बॅटरी पंपात बॅटरी उतरत जाते तसा मोटरचा जोर कमी होतो. हवा भरून चालणाऱ्या छोट्या पंपात तर प्रत्येक मिनिटाला प्रेशर घसरतं: ३ बारवरून १ बारवर आलं की प्रवाह ५८ टक्क्यांवर येतो, आणि फवारणाऱ्याला ते डोळ्यांनी दिसत नाही. त्यावर इलाज एकच, नोझलच्या अलीकडे स्थिर-प्रवाहाचा छोटा व्हॉल्व्ह बसवणं. तो १, १.५, २ किंवा ३ बारचा मिळतो. आतलं प्रेशर वरखाली झालं तरी नोझलला ठरलेलंच प्रेशर देतो, आणि प्रेशर त्याच्या खाली गेलं की प्रवाह बंदच करतो, म्हणजे कमी दाबाने गळत राहण्याचा प्रश्नही जातो. एकच सुटा भाग विकत घ्यायचा असेल तर हा घ्या. पुढचं सगळं गणित ८००४ नोझल आणि १.५ बारचा व्हॉल्व्ह धरून केलंय.

व्हॉल्व्ह मिळालाच नाही तर दांडा मारायच्या पंपाला दर दोन पावलांना एक दांडा अशी लय धरा आणि मोजणीतही तीच पाळा. हवेच्या पंपात टाकी दोनतृतीयांशच भरा, वर हवेला जागा राहू द्या, आणि ठरावीक फेऱ्यांनंतर ठरावीक वेळा हवा भरा. बॅटरी पंप पूर्ण चार्ज असताना आणि निम्मा उतरल्यावर असा दोनदा मोजा. १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर बॅटरी अर्ध्यावर आली की फवारणी थांबवायची.

मोजायला बसण्याआधी

टाकी, नळी आणि हातात धरायची नोझलची दांडी स्वच्छ पाण्याने तीनदा धुवा. मोजणी पाण्याने असली तरी पंपात जुन्या औषधाचा अंश असतो, म्हणून हातमोजे घाला. टाकीच्या तोंडाची, ट्रिगरच्या मुठीतली आणि नोझलमागची, अशा तिन्ही गाळण्या काढून बघा. ०२ आणि त्याहून मोठ्या नोझलला ५० मेशची (इंचाला ५० छिद्रांची) गाळणी चालते, त्याहून बारीक नोझलला १०० मेशची लागते. नोझल तुंबलं असेल तर जुना दातांचा ब्रश आणि पाणी, एवढंच. सुई, टाचणी, तार घालायची नाही. छिद्राची कड एकदा ओरखडली की पंख्यात एक जाड धार पडते आणि ती धार प्रत्येक फेऱ्यात गवतावर रेघ ओढत जाते.

ट्रिगर दाबून अर्धा मिनिट पाणी सोडा. नळीतली हवा निघून जाईल आणि कुठे थेंब गळतोय तेही दिसेल. ट्रिगर सोडल्यावर दोन सेकंदांनीही नोझल टपकत असेल तर मुठीतली ओ-रिंग किंवा वायसर बदला. हे टपकणं मोजणीत दिसत नाही, पण वळताना गवतावर पिवळा ठिपका ठेवून जातं.

टाकीवर साच्यातच उमटवलेल्या लिटरच्या खुणांवर भरवसा ठेवू नका. पंप सपाट जागी ठेवून मोजपात्राने एक-एक लिटर ओता आणि पक्क्या मार्करने स्वतःच्या खुणा करा. एकदाच करायचं काम आहे आणि पुढची सगळी मोजमापं त्यावर उभी आहेत.

फवाऱ्याची रुंदी

कोरड्या काँक्रीटवर किंवा फरशीवर नोझल ५० सेंटीमीटर उंचीवर धरून नेहमीच्या चालीने दहा पावलं फवारत जा आणि लगेच मागे वळून बघा. ८० अंशांचं नोझल ५० सेंटीमीटरवरून कागदोपत्री ८४ सेंटीमीटर रुंद पट्टा देतं. १.५ बारला कोन थोडा आकसतो, त्यामुळे प्रत्यक्षात पट्टा जरा अरुंदच भरेल. आता तो वाळताना बघा. मधला भाग उशिरा वाळतो, दोन्ही कडा लवकर वाळतात, कारण साध्या सपाट पंख्याच्या कडेला पाणी मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. शेजारचा फेरा त्या कडेवर चढावा अशी त्याची रचना आहे. म्हणून दोन फेऱ्यांमधलं अंतर पट्ट्याच्या पूर्ण रुंदीएवढं ठेवायचं नाही. या नोझलला ५० सेंटीमीटर अंतर ठेवा. तीन फेरे शेजारी-शेजारी मारून पुन्हा वाळताना बघा. सगळं जवळपास एकदम वाळलं तर अंतर बरोबर आहे. मध्ये कोरड्या रेघा आधी दिसल्या तर अंतर कमी करा किंवा नोझल थोडं उंच धरा.

यासाठी गवतावर पेले मांडून पाणी मोजायची पद्धत बरेच जण सुचवतात. या कामाला ती चालत नाही. १०० चौरस मीटरला ३.८ लिटर म्हणजे चौरस मीटरला ३८ मिली, थराची जाडी ०.०४ मिलिमीटरसुद्धा नाही. ८ सेंटीमीटर तोंडाच्या पेल्यात ०.२ मिली जमेल, ते कशाने मोजणार? तुषार सिंचनासाठी ती पद्धत उत्तम आहे, इथे वाळणारी फरशीच जास्त सांगते.

एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फेऱ्यांमधलं अंतर ठरलेलं असेल तर नोझल उंच धरल्याने किंवा खाली धरल्याने एकूण मात्रा बदलत नाही, तिचा सारखेपणा बदलतो. मात्रा ठरते ती प्रवाह, चाल आणि अंतर या तिघांवर. अंतर ५० ऐवजी ३० सेंटीमीटर झालं तर मात्रा एकदम १.६७ पट, ६० झालं तर ०.८३ पट. अंदाजाने फेरे मारले की हेच होतं. लॉनच्या दोन्ही टोकांना दर ५० सेंटीमीटरवर खूण केलेली सुतळी ताणा आणि समोरच्या खुणेवर नजर ठेवून चाला. खाली नोझलकडे बघत चाललात तर रेघ वाकडी जाणारच. फवारणीत मिसळायचा निळा खुणेचा रंग मिळत असेल तर तो सर्वात सोयीचा.

चाल

हे फरशीवर करायचं नाही, गवतावरच करायचं. फरशीवर माणूस नकळत वेगाने चालतो. टाकी अर्धी भरलेली, पाठीवर पंप, पायात फवारणीचे बूट, हातात दांडी, अशा अवस्थेत २० मीटर अंतर चालून सेकंद मोजा. २० मीटरला २० सेकंद, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर, ही बहुतेकांना झेपणारी चाल आहे. तुमची वेगळी असली तरी चालेल. स्वतःची नैसर्गिक चाल धरा, कारण दुसऱ्याची चाल तासभर टिकत नाही. फोनमध्ये मेट्रोनोम लावून प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाका. भरलेल्या टाकीचं १६ किलो वजन पाठीवर असताना पाय जड पडतात आणि टाकी रिकामी होत आली की वेग वाढतो. लय कानात असेल तर हा फरक बराच आवरतो. चढउताराच्या लॉनवर चढाला आडवं चाला, वरखाली नको.

प्रत्यक्ष मोजणी

लॉनचाच ५ मीटर बाय २० मीटरचा तुकडा खुंट्या आणि सुतळीने आखा. १०० चौरस मीटर झाले. ५० सेंटीमीटर अंतराने त्यात २० मीटरचे १० फेरे बसतात. पहिला फेरा कडेच्या सुतळीपासून २५ सेंटीमीटर आत, पुढचे दर ५० वर.

पंप सपाट जागी ठेवून एका खुणेपर्यंत पाणी भरा आणि ती जागा लक्षात ठेवा. आता दहाही फेरे फवारा. सुतळीच्या दोन पावलं आधीपासून चालायला लागा, सुतळीवर ट्रिगर दाबा, पलीकडच्या सुतळीवर सोडा, मग थांबा आणि वळा. उभं राहून ट्रिगर दाबला की सुरुवातीला जागच्या जागी जादा औषध पडतं. टोकांना होणाऱ्या पिवळेपणाचं नेहमीचं कारण हेच. संपल्यावर पंप त्याच जागी, त्याच दिशेने ठेवा आणि मूळ खुणेपर्यंत यायला किती पाणी लागतं ते मोजपात्राने मोजा.

आपल्या उदाहरणात १० फेरे म्हणजे २०० मीटर, २०० सेकंद, मिनिटाला १.१३ लिटर, उत्तर ३.७७ लिटरच्या आसपास यायला हवं. तीनदा करा. समजा ३.७५, ३.८५ आणि ३.८० आले, तर सरासरी ३.८. तीन आकडे एकमेकांपासून ५ टक्क्यांहून लांब असतील तर सरासरी काढू नका. चाल किंवा प्रेशर हलतंय, ते आधी पकडा.

उलट तपासणीसाठी नोझल मोजपात्रात धरून ३० सेकंद पाणी गोळा करा. नवं ०४ नोझल १.५ बारला साधारण ५६५ मिली देईल, म्हणजे २०० सेकंदांना ३.७७ लिटर. दोन्ही पद्धतींची उत्तरं जुळली तर आकडा पक्का. पात्रात कमी आणि गवतावर जास्त असं आलं तर तुम्ही समजता त्याहून सावकाश चालताय. पात्रातच ६२० मिलीहून जास्त आलं तर नोझल झिजलंय. नव्यापेक्षा १० टक्के जास्त प्रवाह ही नोझल टाकून देण्याची रेघ आहे. पितळ लवकर झिजतं, विशेषतः पाण्यात मिसळायची भुकटी फवारली तर. स्टेनलेस स्टील आणि सिरॅमिक जास्त टिकतात.

ज्यांना सूत्र आवडतं त्यांच्यासाठी: हेक्टरी लिटर = ६०० × मिनिटाचे लिटर ÷ (ताशी किलोमीटर × फेऱ्यांचं अंतर मीटरमध्ये). ६०० × १.१३ ÷ (३.६ × ०.५) = ३७७. त्याला १०० ने भागलं की १०० चौरस मीटरचा आकडा. लेबलवरच्या ३०० ते ५०० मध्ये हे बरोबर बसतं.

बसलं नसतं तर? मोठा फरक असेल तर नोझल बदला: लालऐवजी तपकिरी घेतलं की प्रवाह सव्वापट. १०-१५ टक्क्यांचा फरक चाल बदलून साधतो. प्रेशरला हात शेवटी लावा. १.५ वरून २ बारवर गेल्याने प्रवाह फक्त १५ टक्के वाढतो, आणि दुप्पट प्रवाह हवा असेल तर चौपट प्रेशर म्हणजे ६ बार लागेल. तेवढ्यात फवाऱ्याचं धुकं होतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर

६५० चौरस मीटरला १०० ला १० मिलीप्रमाणे एकूण औषध ६५ मिली. पाणी ६.५ × ३.८ = २४.७ लिटर. १६ लिटरच्या टाकीत हे दोनदा करायचं. पहिली टाकी भरून १६ आणि दुसरी ८.७ असं करू नका. दोन्ही सारख्या, प्रत्येकी १२.३५ लिटर आणि ३२.५ मिली औषध. वजन कमी, चाल सारखी, हिशोबात चूक नाही.

लॉन खरंच ६५० आहे का हेही टेपने मोजा. पायवाट, वाफे, झाडांची आळी वजा करा. नजरेचा अंदाज १५-२० टक्क्यांनी सहज चुकतो आणि मग वर केलेली सगळी अचूकता वाया जाते.

३२.५ मिली बाटलीच्या झाकणाने मोजायचं नाही. बिनसुईची सिरिंज किंवा ५० मिलीचं खुणांचं मोजपात्र वापरा, आणि ते फक्त औषधासाठी वेगळं ठेवा. भुकटी किंवा दाणेदार औषध असेल तर ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा लागतो. चमच्याने मोजलेली भुकटी ठासून भरली की वजन बदलतं. टाकीत आधी निम्मं पाणी, मग औषध, मोजपात्र धुतलेलं पाणीही टाकीतच, मग उरलेलं पाणी. भुकटी आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गाळणीवर बसते आणि मोजलेली मात्रा तिथेच अडकते.

पट्टे टाळायचे असतील तर दोन दिशांनी

माझ्या मते घरच्या लॉनवर यापेक्षा चांगली पद्धत नाही. निम्मी मात्रा लांबीच्या दिशेने आणि निम्मी आडव्या दिशेने फवारायची. एका दिशेची चूक दुसऱ्या दिशेत विरते. पण इथे एक चूक हमखास होते: त्याच नोझलने, त्याच द्रावणाने दोनदा फिरायचं. मग मात्रा दुप्पट झाली. द्रावण निम्म्या ताकदीचं करावं तर पाणी १०० चौरस मीटरला ७.६ लिटर होतं, लेबलच्या बाहेर जातं आणि पानावरून ओघळतं.

सोपा मार्ग म्हणजे लाल ०४ ऐवजी पिवळं ०२ नोझल, बाकी सगळं तेच. ०२ चा प्रवाह बरोबर निम्मा. एका दिशेला १.९ लिटर, दोन्ही मिळून ३.८. द्रावणाची ताकद बदलत नाही: १२.३५ लिटरमध्ये ३२.५ मिली. आता गंमत बघा, एक टाकी म्हणजे एक पूर्ण दिशा. पहिल्या टाकीत सगळं लॉन एकदा उरकायला हवं. चालणं १,३०० मीटर, वळणं सोडून साधारण २२ मिनिटं. कडेला पोहोचायच्या आत टाकी संपली तर तुम्ही सावकाश चाललात, टाकीत उरलं तर भरभर. आणि हे अर्धीच मात्रा पडलेली असताना कळतं, दुसऱ्या दिशेत चाल सुधारता येते. एका दिशेच्या फवारणीत अशी संधी मिळत नाही. ०२ चे थेंब ०४ पेक्षा बारीक असतात, म्हणून वाऱ्याकडे जास्त लक्ष द्या. नोझल बदललं म्हणून १०० चौरस मीटरची मोजणी पुन्हा एकदा कराच.

तुमचे मागचे पट्टे मात्र बहुधा दांडी डावीउजवीकडे हलवत चालल्यामुळे आले असावेत. हलवताना दांडी दोन्ही टोकांना क्षणभर थांबते आणि वळते. तिथे जादा औषध पडतं, मध्ये कमी. पुढे चालताना त्याची नागमोडी तयार होते आणि दोन वळणांच्या मध्ये त्रिकोणी जागा कोरड्या राहतात. सपाट पंख्याचं नोझल असताना हात स्थिर ठेवा, शरीराने चाला. पंख्याची रुंदी चालण्याच्या दिशेला आडवी आहे ना हे दर टाकीला तपासा. नोझलची टोपी फिरली तर पंखा तिरका होतो आणि पट्टा अरुंद पडतो.

वेगळी साधनं

लांब नळी आणि स्प्रे गनने फवारत असाल तर तिथे हात हलवणं हाच पद्धतीचा भाग असतो. पावलागणिक एक झोका, झोक्याची रुंदी ठरलेली, पुढचा फेरा आधीच्या फेऱ्याच्या निम्म्यावर चढलेला. मोजणी तीच: १०० चौरस मीटरला लागलेले सेकंद आणि तेवढ्याच सेकंदांत बादलीत जमलेलं पाणी. फक्त नळी कामाच्या वेळी जेवढी उलगडलेली असेल तेवढीच ठेवून मोजा. लांब नळीत प्रेशर बरंच खर्च होतं.

बागेच्या नळीच्या टोकाला लावायच्या बाटलीच्या फवाऱ्यावर प्रमाणाची चकती असते. तिच्यावर विसंबून तणनाशक फवारू नका. नळाचं प्रेशर बदललं की प्रमाण बदलतं. बाटलीत मोजून पाणी घाला, १०० चौरस मीटरवर फवारा, किती कमी झालं ते बघा. तेवढ्या द्रवात १०० चौरस मीटरचं औषध बसवायचं. नळाला उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह असल्याशिवाय हे साधन जोडू नका, नाहीतर नळाचं पाणी गेल्यावर औषध पिण्याच्या पाण्यात ओढलं जाऊ शकतं.

द्रवरूप खत पाणी न मिसळता फवारत असाल तर ते पाण्यापेक्षा जड असतं आणि नोझलमधून कमी जातं. पाण्याच्या १.२८ पट जड द्रव पाण्याच्या ८८ टक्केच बाहेर पडतो. तणनाशकाच्या पातळ द्रावणाला हा हिशोब लावायची गरज नाही. फेरस सल्फेट (लोहयुक्त खत) फवारताना मात्र फरशीवर मोजणी फक्त साध्या पाण्याने करा, त्याचे गंजाचे डाग काँक्रीटवरून निघत नाहीत.

फवारल्यानंतर

शेवटी टाकीत किती उरलं ते मोजून लिहून ठेवा. २४.७ लिटरपैकी एक लिटर उरला तर फरक ४ टक्के. चांगलं काम झालं. अडीच लिटर उरले तर १० टक्के कमी पडलं, पुढच्या वेळी आधी चाल तपासा. उरलेलं औषध संपवायचं म्हणून जिथे तण जास्त दिसतंय तिथे तेच द्रावण पुन्हा मारू नका. त्या जागी मात्रा दुप्पट होते आणि गवत जळतं. उरलेल्यात दहापट पाणी घालून लेबलच्या मर्यादेत राहून पूर्ण लॉनवर भराभर शिंपडून टाका. गटारात ओतायचं नाही. पंप तीनदा धुवा, धुण्याचं पाणीही लॉनवरच. तणनाशकाचा पंप फुलझाडांना किंवा भाज्यांना वापरू नका, रबरी नळीत आणि वायसरमध्ये बसलेला अंश कितीही धुतलं तरी राहतो.

टाकीवर एक चिकटपट्टी लावून त्यावर लिहा: नोझल, प्रेशर, उंची, फेऱ्यांचं अंतर, २० मीटरचे सेकंद, १०० चौरस मीटरचे लिटर, तारीख आणि फवारणाऱ्याचं नाव. नाव यासाठी की हा आकडा पंपाचा नसतो, पंप आणि माणूस या जोडीचा असतो. घरातल्या दुसऱ्या कोणी पंप उचलला तर त्याची मोजणी वेगळी, त्याची पट्टीही वेगळी. नोझल किंवा व्हॉल्व्ह बदलला, पंप दुरुस्त केला, किंवा हंगामाची पहिली फवारणी असली की पट्टी काढून टाका आणि पुन्हा मोजा. सरावाने या कामाला अर्धा तास लागतो.